पुढचे तीन तास

चार वाजून दहा. पडद्यावर विट्याच्या माळावर
एक हिरवा ठिपका, मटकीएवढा.
दहा मिनिटांनी पिवळा. मग पोटात लाल,
लालात जांभळी टाचणी.
जांभळं म्हणजे गारा. बहुतेक.
‘बहुतेक’ हा आमच्या खात्यातला सर्वांत प्रामाणिक शब्द,
बुलेटिनमध्ये तो छापत नाहीत.

रडार लांब आहे, आणि पृथ्वी गोल.
त्याची नजर तासगावावरून जाते
ती तीन किलोमीटर उंचावरून.
ढगाची छाती दिसते, पाय दिसत नाहीत.
पायांसाठी मी हाफिज मुलाणीला फोन लावते,
मणेराजुरी, बेदाण्याची शेड.

‘वारं?’
‘पडलंय वो. शेडनेट ओल्या धोतरागत लोंबतंय.’
‘वीज?’
‘दिसली. तेविसाव्या आकड्याला गडगडली.’
तेवीस भागिले तीन. पावणेआठ किलोमीटर.
ढग चालतोय ताशी तीसनं.
‘पंधरा मिनिटं आहेत. ताडपत्र्या ओढा,
बायकांना लोखंडी रॅकपासून लांब न्या.’
तो ‘बरं’ म्हणायच्या आतच ओरडायला लागतो,
माझ्यावर नाही, तिकडं.

पाच सतराला ढग मोडला,
भाकरी मोडते तसा, वेडावाकडा.
उजवा तुकडा विरत गेला.
डावा पूर्वेला वळला, सावळजकडं.

सावळजमधला एकही नंबर माझ्याकडं नाही.
नकाशावर मी दुपारपासून
अख्खी सांगली नारिंगी करून ठेवलेली,
शिराळ्यापासून जतपर्यंत एकच रंग.
शिराळ्यात तेव्हा लख्ख ऊन होतं.
पडताळणीच्या तक्त्यात आज लिहिलं जाईल:
इशारा बरोबर.

सात वाजता हाफिजचाच फोन.
‘चार थेंब, मॅडम. परत सगळं गुंडाळलं.
चौदा बायकांचा अर्धा रोज मोडला, मालक तापलाय.’
मी गप्प.
‘उद्या बी करा फोन,’ तो म्हणतो.
मग जरा थांबून,
‘सावळजला मेव्हणा हाय माझा.
गारा आन् बेदाणा एकाच घमेल्यात भरतोय.
गारा विरघळतील म्हणतोय, मग निवडू.
त्याचा नंबर घ्या लिहून.’

मी बुलेटिनच्या पाठीमागं लिहून घेते.
शेवटचे दोन आकडे खरखरीत बुडतात.
‘परत सांगा,’ म्हणते मी, ‘हाफिजभाई, शेवटचे दोन,’
आणि तेवढ्यात कवठेमहांकाळच्या वर
हिरवं काहीतरी,
मटकीएवढं.