पट्टी

सहा दहाला वर्ग भरतो, गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर.
कोर्टातले दोन कारकून, एक निवृत्त फौजदार,
कानटोपी न काढणारा निफाडचा एक द्राक्षवाला,
आणि शेवटच्या बाकावर कौतिक पुंजाराम,
पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून सुटून एसटीनं येणारी,
वहीला द्राक्षपेटीचा पुठ्ठा घातलेली.

विषय : विधीचा इतिहास. आज युरोप, मध्ययुग.
साक्षीदार नसला, शपथेवर भरवसा बसेना,
की साक्षीला देव.
चर्चमध्ये निखारे. पाद्री लोखंडावर पाणी शिंपडून पुटपुटायचा,
आणि आरोपीनं ते हातात घेऊन नऊ फूट चालायचं.
मग पट्टी. पट्टीवर मोहोर.
तिसऱ्या दिवशी उघडायची :
जखम सुकत आली तर निर्दोष,
पिकली तर देव बोलला.

आपल्याकडे याला दिव्य म्हणत.
फळ्यावर लिहिताना शब्द नेहमीच छान दिसतो.
फौजदार हसले.
"आमच्या वेळी एवढं लोखंड लागायचं नाही, सर."

मी तांबट आळीतला.
वडिलांचा उजवा तळवा हंड्या-घंगाळांनी
इतक्यांदा भाजलाय
की त्या कायद्यानं ते कधीच फासावर गेले असते.
हे वर्गात सांगत नाही. सांगतो एवढंच,
की बाराशे पंधरा साली रोमला परिषद भरली,
पाद्र्यांनी यात पडू नये असं ठरलं,
आणि पाद्री हटला तसं लोखंडही हळूहळू निवलं.

कौतिकनं हात वर केला. डावा.
"सर, पट्टी सोडायचं कोण?"
पाद्रीच.
"आणि बांधायचं?"
तोच, बहुतेक.
"फडकं कुणाचं?"

पुस्तकात हे नाही.
माहीत नाही, म्हणालो.
तिनं 'माहीत नाही' लिहून घेतलं, डाव्या हातानं.
सहा महिने मला ती डावरी वाटत होती.
उजवा ओढणीखालून क्षणभर वर आला, वही धरायला :
तीन बोटं एकमेकांत विरघळलेली,
कातडी गुलाबी, ताणलेली, नखं नसलेली.
कुणी काही बोललं नाही.
फौजदारांनी उठून खिडकी लावली.

सत्र परीक्षा. प्रश्न चौथा, गुण दहा.
तिचं उत्तर दीड पान.
सन बरोबर, परिषद बरोबर, नऊ फूट बरोबर.
शेवटी, न विचारलेलं :

"तेल उकळत असलं तरी तळाचं नाणं दिसतं. रुपयाचं होतं.
माझा हात पिकला कारण फडकं धुतलेलं नव्हतं.
ते पंचांच्या घरचं होतं.
त्यात आधी मिरच्या बांधलेल्या होत्या.
यात देवाचा संबंध नाही, असं माझं मत आहे."

रात्री वडिलांना विचारलं,
भाजल्यावर तुम्ही काय लावायचात?
"कोरफड. वरून तुझ्या आईचं जुनं लुगडं."
धुतलेलं?
ते माझ्याकडे बघत राहिले, खुळ्याकडे बघावं तसे.
"उकळलेलं. ती फाडून, उकळून, डब्यात भरूनच ठेवायची."

अभ्यासक्रमाबाहेरच्या मजकुराला गुण नाहीत.
दहा द्यावेत तर वरचे विचारतील, कशाबद्दल.
'धुतलेलं नव्हतं'खाली मी रेघ ओढली.
मग लक्षात आलं, पेन लाल आहे,
आणि लाल रेघ म्हणजे चूक.

समासात लिहिलं : बरोबर.