खिशातला फ्यूज

चैत्र लागला की नाना म्हणतात,
पंखा उतरवायचा नाही, पुसायचा.
उतरवणं वायरमनचं काम, पुसणं घरच्यांचं.

जेलरोडच्या आमच्या दोन खोल्या,
छताला एकच पंखा, तीन पात्यांचा,
आणि प्रत्येक पात्याच्या कडेला
वर्षभर वाढलेली काळी लव.

चौतीस वर्षं काढली त्यांनी एकलहऱ्याला.
अख्ख्या जिल्ह्याला वीज पाठवली
आणि घरात ओल्या हाताने
दिव्याचं बटणसुद्धा लावू दिलं नाही कुणाला.

आधी बटण. मग मेन स्विच.
मग फ्यूज उपसायचा,
चिनी मातीचा तो पांढरा ठोकळा
सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या डबीशेजारी.
"कुंदे, बटण बंद म्हणजे बंद नव्हे."
निरभवण्यांचं नाव ते कधी घेत नाहीत.
मला आईने सांगितलेलं:
खालून कुणीतरी ओरडलं होतं, बंद आहे,
आणि बंद नव्हतं.

आमचं स्टूल एका पायाने अधू,
म्हणून शाकेराभाभींकडून घोडा आणला.
ओजस दोन्ही हातांनी तो धरून,
मोबाइल नाही, इकडेतिकडे बघणं नाही.
मी वर. पलंगावर जुनी चादर. तोंडाला ओढणी.

उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा,
पोराच्या पायात मोजा चढवावा तसा,
वरखाली तळवे दाबून
सावकाश मागे ओढायचा.
धूळ आतल्या आत.
मग घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं.
"मोटारीला पाणी नको.
पात्यावर भार नको,
एकदा वाकलं की जन्मभर कण्हेल."
हे खालून, दर मिनिटाला.

अभ्रा वर्तमानपत्रावर उलटा केला.
नाना वाकले, चिमूटभर बोटांत चोळली.
"थोडी राख आहे यात. कोळशाची.
आपलीच."
पेन्शन यावी तशी
अजून घरी येते.

घोडा परत केला. हात धुतले, पुसले.
मेन वर केला, बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं. फ्रीजही गप्प.
नाना दाढीला गेलेले, बिटकोपर्यंत,
मोबाइल टेबलावर ठेवून,
खिशात आमची सगळी वीज घेऊन.

ओजस हसत सुटला, मग मीही.
उघड्या फरशीवर आडवे झालो दोघं.
वर तीन पाती,
इतकी लख्ख की त्यांत खिडकी दिसत होती
आणि खिडकीतलं बिनवाऱ्याचं कडुनिंबाचं झाड.

तासाने आले. हनुवटीला तुरटीचा वास.
"पंखा नाही लावलात?"
आणि हात आपोआप खिशाकडे गेला.

हसले नाहीत. चुकलं, असंही म्हणाले नाहीत.
मीटरपाशी उभं राहून
आतल्या खोलीकडे मान वळवून
आधी विचारलं,
"दोघंही खाली आहात ना?"

आम्ही फरशीवरून ओरडलो, हो.

तरी आत येऊन बघून गेले.
मग ठोकळा जागेवर बसवला.