जुलैअखेरचा भाव

होमप्लेटमागे सातवी रांग. गुडघ्यावर वही,
हातात रडारगन, कपात बर्फाचं पाणी.
ओहायो नदीवरची हवा ओल्या टॉवेलसारखी मानेवर.
चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव.
हे झालं वेगाचं. वेग कुणीही मोजतो.
मला पगार मिळतो तो उरलेल्यासाठी.

ओसिरिस मारमोलेहोस, डावखुरा, वय एकोणतीस.
एप्रिलात त्याच्या चेंडूला बॅट लागत नव्हती.
जूनमध्ये तीनदा
पाचवी इनिंग संपायच्या आत टोपी काढून बाहेर.
सरासरी आता सव्वाचार.
आकडे म्हणतात, नशीब वाईट,
मागचे क्षेत्ररक्षक जड पायांचे, चेंडू नको तिथे पडले,
घ्या, स्वस्तात मिळतोय.
ऑफिसातली थिओडोरा पडद्यावरचे रंगीत ठिपके दाखवून
हेच सांगत होती, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते,
म्हणून तर मला धड चिडताही येत नाही.

माझा बाप नेब्रास्कात गुरांच्या लिलावाला जायचा.
रिंगणात जनावर आलं की बाकीचे पाठ बघायचे, काटा बघायचे.
बाप बघायचा ते बाहेर जाताना.
"आत येताना प्रत्येक बैल देखणाच असतो," म्हणायचा,
"दाराशी वळताना कुठला पाय जपतो, ते बघ."

म्हणून मी चेंडू बघत नाही.
चेंडू सुटल्यावरचा हात बघतो.

तिसरी इनिंग, दोन बाद. स्लायडर.
टेबलाच्या कडेवरून गोटी घरंगळावी तसा.
फलंदाज हवेत बॅट फिरवून स्वतःवरच हसला.
टाळ्या. आणि टाळ्यांच्या आडोशाला
मारमोलेहोसनं करंगळी नि अनामिका
एकदा उघडली, एकदा मिटली.
एवढंच.

पाचवीत पुन्हा. स्लायडरनंतरच.
सहावीत कॅचर मागत राहिला, हा मान हलवत राहिला,
नुसत्या फास्टबॉलवर, निव्वळ बेरकीपणावर
सहा इनिंग काढल्या. एकच धाव दिली.
माझ्या शेजारचा म्हातारा उभा राहून ओरडत होता,
"आला! आमचा गडी परत आला!"

वेग : ठीक. नियंत्रण : चांगलं.
धीर : इथे पेन जरा थांबलं,
मग "भरपूर" लिहिलं, नको इतकं दाबून.
पुढची ओळ कोरी.

त्याच्या बदल्यात ते आमची दोन पोरं मागताहेत.
त्यातलं एक माझं, म्हणजे मी शोधलेलं :
कॅल्व्हिन ट्वीडी, शॉर्टस्टॉप, एकोणीस वर्षांचा,
फ्लोरिडात पहिल्यांदाच घराबाहेर,
लाल शर्टाबरोबर धुऊन सगळे मोजे गुलाबी करून बसलेला.
मला फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, आता काय करू?
त्याला कुठे ठाऊक,
एका परक्याच्या दोन बोटांवर
त्याचा पत्ता ठरतोय.

खेळाडूंच्या फाटकाशी पोरांचा घोळका.
मारमोलेहोस सह्या देत होता. उजव्या हातानं.
पुष्कळ डावरे लिहितात उजव्यानं.
हेही मला ठाऊक आहे, आणि
त्यानं डावा हात खिशात ठेवला होता, हेही.

माझ्या गळ्यातली गन दिसली तसा
पोरांच्या डोक्यांवरून म्हणाला,
"शेवटचा किती होता?"
"चौऱ्याण्णव."
"सहावीत?"
"सहावीत."
तो हसला, परीक्षेत पास झाल्यासारखा,
आणि पुढची टोपी घेतली सहीला.

त्यानं वेगच विचारला होता.
मी वेगच सांगितला.

मोटेलात खिडकीतला एसी खडखडतोय.
कोऱ्या ओळीत तीन शब्द लिहिलेत :
कोपर. दोन बोटं.
आता दोन पोरांचं एक पोर होईल, किंवा काहीच नाही,
आणि हा माणूस ऑक्टोबरात
तळाच्या संघातून घरी जाईल, टीव्हीवर बाकीच्यांना बघेल.
थिओडोराला पाठवलं. लगेच उत्तर :
"खात्री किती टक्के?"

बापाला असं कुणी विचारलं असतं तर
तो तंबाखू थुंकून ट्रककडे चालू लागला असता.
मी साठ लिहिलं.
खोडलं.
पासष्ट लिहिलं.