सेक्टर दोन व तीनच्या मधला

हे नगर मी पहिल्यांदा पाहिलं ते कागदावर,
कुडाळच्या कचेरीत, टेबलाच्या काचेखाली साठचा बल्ब,
वर ट्रेसिंग पेपर, हातात पॉइंट-थ्रीचं पेन.
साहेब म्हणायचे, बाई, रेघ श्वास धरून ओढायची.
मी सहाच्या सहा सेक्टर श्वास धरून ओढले.

शाळा, दवाखाना, ट्रेझरी, मासळी बाजार,
टाइप एक ते टाइप चार.
झाडांसाठी वाटोळा रबरी शिक्का होता.
ज्या सड्यावर करवंदही वाकून उगवतं
तिथं एका दुपारीत मी चारशे झाडं लावली.

आणि एक थेंब सांडला,
दोन आणि तीनच्या मध्ये, चणाडाळीएवढा.
ब्लेडने खरवडायला हवा होता.
पण पाच वाजले होते,
कट्ट्याची गाडी सुटणार होती.

तीन वर्षांनी माझीच बदली झाली तिथं.
टाइप दोन, ब्लॉक नऊ, खोली चार.
दाराला कडी होती, कोयंडा नव्हता.
एस.टी.च्या पाटीवर नगराचं नाव मावेना,
कंडक्टर नुसतं ओरडायचा, "सडो इलो, उतरा!"
आम्ही उतरायचो.
नांदेडचे गुट्टे, ज्यांना बांगड्याचा काटा काढता येत नसे.
सर्व्हेयर खतीब, आणि त्यांची आई,
जी रोज संध्याकाळी दारात येऊन विचारायची,
दर्या कुठल्या अंगाला रे?

पाणी एक दिवसाआड, पहाटे चारला.
नळावर आधी भांड्यांची ओळख झाली,
माणसांची नंतर.
कुणाचा हंडा कुठं चेपलाय, अजून सांगेन.

आवडाबाय खालच्या वाडीतून पाटी घेऊन चढायची.
"तुमची घरां म्हणजे वाळत घातलेले बोंबील,
खंयचो कोणाचो काय कळाक नाय."
मग तिनं उधारीच्या दारांना चुन्याचा ठिपका दिला.
गणपतीपर्यंत बिनठिपक्याचं दार
फक्त कार्यकारी अभियंत्यांचं. ते शाकाहारी.

त्या साली टाकीवरून बाबल्या शिपाई पडला.
गुट्ट्यांच्या मुलीचा ताप एकवीस दिवस उतरेना.
नळावर कुणीतरी बोललं,
ह्या जागेला राखणदार नाही.
कुणी हसलं नाही.

भिकू घाडी आला. पहिला प्रश्न, "हद्द खंयची?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी नकाशा आणला, जमिनीवर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार चिरे.
त्याला वाचता येत नव्हतं.
बोट फिरत राहिलं रस्त्यांवरून, गटारांवरून,
माझ्या चारशे झाडांतून,
आणि थांबलं.
"हो कोण?"

मी खतीबांकडे पाहिलं, खतीबांनी माझ्याकडे.
त्या डागाला जुनी विहीर समजून
त्यांनी तीन गुंठे मोकळे सोडले होते.
विहीर सापडली नाही.
पोरं तिथं लगोरी खेळायची.
"आधीपासून आहे," मी म्हटलं.
हे खोटं होतं का, अजून ठरत नाही.

तिथंच नारळ ठेवला गेला.
बा म्हाराजा, दोन आणि तीनच्या मधल्या राखणदारा,
ही लेकरां सरकारी हुकमान इली, चुकली माकली सांभाळ.
पायपात पाणी येवंदे. चेडवाचो ताप उतरांदे.
ऐन पावसात कोणाची बदली येवची नाय.
व्हय म्हाराजा, आम्ही म्हणालो.
गुट्टे थोडे मागाहून, नांदेडच्या सुरात.

ताप उतरला. बाबल्या मात्र लंगडतच राहिला.

आता तिथं पत्र्याची शेड आहे, तिच्यावरून दोन पॅनेल आहेत.
चारशेतली एकोणीस झाडं जगली,
तीही शिक्क्याच्या जागी नाहीत, नळाच्या सांडपाण्यावर.
परवा कचेरीतल्या मुलानं जुना नकाशा कॉम्प्युटरवर घेतला,
फोन केला, मॅडम, हा डाग काढू ना?
मी बराच वेळ काही बोलले नाही.

माझ्या चौकटीवरचा चुन्याचा ठिपका
तीन वेळा रंग काढूनही मी तेवढा सोडून घेतला.
आवडाबायचे अकरा रुपये
द्यायचे राहिले.