उजवा हात भिंतीला

शनिवारी नऊ वाजता शाळेमागचं मैदान आमचं.
आम्ही अकरा जण, आणि बूट सगळे मोठ्यांच्या मापाचे,
म्हणून पुढे वर्तमानपत्र कोंबायचं.
माझ्या हेल्मेटच्या आत कुणी खिळ्यानं कोरलंय: यानीरा.
कोण ती, कुणाला आठवत नाही.
हनुवटीचा पट्टा मात्र तिच्याच भोकावर बसतो मला.

पाणी येण्याआधी नळी नुसतं कापड असते,
पाणी आलं की तिच्यात हाड भरतं.
पहिल्या दिवशी माउलेन तिच्यासकट उडाला,
चिखलात बसला,
आणि कुणी हसायच्या आत स्वतःच हसला.

कार्कामो आठवडाभर बाजारात किल्ल्या कापतो.
शनिवारी म्हणतो, किल्ली विसरा.
दाराला आधी विचारा. पालथ्या हातानं.
तळहात पोळला तर शिडी कशानं धरशील?
पालथा हात गेला तरी चालेल.
"गेला तरी चालेल" हे तो फार सहज म्हणतो.
त्याच्या पालथ्या हातावर एकही रेघ नाही, केस नाही,
ओल्या कागदासारखी चकचकीत कातडी.

वालपराइसोत आमचा डोंगर असा:
एकाच्या पत्र्यावर दुसऱ्याचं अंगण,
वर निलगिरी, खाली अख्खा समुद्र.
एवढं पाणी डोळ्यांसमोर,
आणि बंब शेवटच्या वळणावर थांबतो.
तिथून एकशे चाळीस पायऱ्या, माणसांनीच चढायच्या.
आम्ही चढतो, खांद्यावर नळीची वळकटी.
गच्चीवरून दोन्या एल्बा ओरडते,
"मागच्या शनिवारपेक्षा सावकाश!"
आणि वर पोचलेल्याला संत्र्याची एकच फोड देते.

परीक्षेसाठी जुना कंटेनर, आतून काळा रंगवलेला.
धुराचं यंत्र माउलेनच्या काकाचं, एरवी लग्नात वाजंत्र्यांमागे असतं,
त्यामुळे आमच्या आगीला व्हॅनिलाचा वास.
आत कुठेतरी तिओ सान्दालिओ:
साठ किलो वाळू, शाळेचा निळा स्वेटर, चेहरा नाही.
गुडघ्यांवर जायचं. उजवा हात भिंतीला.
भिंत सुटली की तू पण हरवलीस.
भोंगा तीनदा वाजला
की असशील तशी, असेल ते टाकून, बाहेर.

मला तो टेबलाखाली सापडला.
काखेत हात घातले, मागे सरकले,
एक हात, दोन हात, पायानं उंबरा चाचपत,
आणि भोंगा वाजला.
दार चार हातांवर होतं.
चार हात म्हणजे काय!
मी ओढलं.
उजेडात आम्ही दोघं एकत्रच पडलो, तो माझ्या पोटावर,
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्कामोनं कागदावर शून्य लिहिलं.
"छप्पर कोसळलं. तू आत राहिलीस.
आता दोघांना आणायला
मी यातल्या कुणाला पाठवू, सांग."
आणि बाकीच्या दहा जणांकडे
त्यानं एकेक करून पाहिलं,
घाई न करता.

माउलेन त्याच दिवशी रिकाम्या हातांनी बाहेर आला होता.
तो पास झाला.
टाकीआड जाऊन ओकला.
संत्र्याची फोड त्यानं खिशात घातली, खाल्ली नाही.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा आत गेले.
या वेळी भोंगा लवकर वाजला की दार जवळ होतं, कळलं नाही.
तीन हात. कदाचित अडीच.
मी बोटं उघडली.
बोटं उघडायला वेळ लागतो,
हे शिकवणीत कुणी सांगितलं नव्हतं.
बाहेर आले. टाळ्या नाहीत.
कार्कामोनं मान हलवली, कागदावर खूण केली,
म्हणाला, आता दोघी जा, पुढच्यासाठी त्याला जागेवर ठेवा.

धूर ओसरला होता, दारं सताड उघडी.
मी सोडला तसाच पडलेला होता तो,
पालथा,
स्वेटरची एक बाही दाराच्या दिशेनं ताणलेली.
रोसिओ पाय धरून म्हणाली, "उचलतेस ना?"
थांब, म्हटलं.
आधी बाही सरळ केली.