नामानिराळे

कुतैसीत नोव्हेंबर असा येतो:
रिओनीचं पाणी गढूळतं,
आणि ऑफिसातला हीटर
एकदा हो म्हणतो, दोनदा नाही.

डोंगरावरचा क्षयाचा दवाखाना बंद पडला त्याला तीस वर्षं झाली.
त्याच्या नोंदवह्या, अकरा पेट्या,
माझ्या टेबलाशी आल्यात.
कागदाला अजून फिनाईलचा वास.
नियम एका ओळीचा:
आजार दिसावा, माणूस दिसू नये.

पहिल्या आठवड्यात मी नावं धूसर केली.
नानुलीबाईंनी चष्मा काढला,
दोन पावलं मागे सरल्या
आणि तिथून घडाघडा वाचून दाखवली.

दुसऱ्या आठवड्यात काळे चौकोन ओढले.
कॉलेजातला एक पोरगा आला,
माउसच्या दोन टिचक्यांत माझा काळा थर
दुधावरच्या सायीसारखा उचलून त्याने बाजूला ठेवला.
खाली सगळं शाबूत:
वय, गाव, थुंकीचा तपास, नाव.

आता थर एकजीव करतो, मगच सेव्ह.
त्यानंतर परतीची वाट नाही.

आमच्या लिपीला शेपट्या फार.
चौकोन कितीही बेतून काढा,
एखादं अक्षर पाय बाहेर टाकून झोपतंच,
पांघरुणातल्या लेकरासारखं.
झूम करून मी एकेक पाय आत घेतो.
पान उलटलं की फुटलेल्या शाईतून
तेच नाव पाठमोरं चालत येतं. त्यालाही अडवतो.
लांबीसुद्धा चुगली करते,
गाव लहान असलं की लोक चौकोनावरून अक्षरं मोजतात;
म्हणून सगळ्यांना एकच माप,
शाळेच्या गणवेशासारखं, कुणाला आखूड, कुणाला ढगळ.

नाव ठेवणं आईबापांचं काम.
नावं ठेवणं गावाचं.
मी करतो त्याला काय म्हणायचं
ते पगाराच्या पावतीवर लिहिलेलं नाही.

गुरुवारी त्सिआलाबाई आल्या. वय एक्क्याऐंशी,
पिशवीत वाळत घातलेल्या अक्रोडांची माळ.
म्हणाल्या, अठ्ठावन्न सालचा हिवाळा दाखव.
मूळ वह्या वरच्या कपाटात,
किल्ली नानुलीबाईंकडे, नानुलीबाई तिबिलिसीला.
मग माझ्याकडे होतं तेच दाखवलं.

खाट सतरा. मुलगी, वय चौदा. वजन एकतीस किलो.
त्यांनी स्क्रीनवर बोट टेकलं.
"ही मी?"
हो म्हणालो.
"बरीच रुंद झाले की."

मग बोट खाली सरकलं, अठरावर,
आणि त्यांनी एक नाव घेतलं.
सोमवारी मीच झाकलेलं.
एकोणिसावर दुसरं. वीस. एकवीसला जरा अडखळल्या,
ती मार्चमध्ये गेली, म्हणाल्या, आडनाव काही आठवत नाही.
मला ते आठवत होतं.
मी उठून दार लोटून घेतलं
आणि गप्प बसलो, नामानिराळा.

पानाच्या समासात शिसपेन्सिलीने
कुणा नर्सने लिहिलेलं:
"चिमणी रात्रभर जागी."
ते मी झाकलं नव्हतं.
लाडाचं नाव नावात धरायचं का,
नियम त्यावर काही बोलत नाही.
"हे झाकू का?" मी विचारलं.
त्या बराच वेळ रुमालाची गाठ सोडत,
पुन्हा बांधत बसल्या.
"खिडकीत यायची एक," म्हणाल्या. "खरीखुरी चिमणी.
आम्ही पाव टाकायचो."
खरं सांगितलं की नाही, कळलं नाही.
फाईल तशीच सेव्ह केली.

अक्रोडांची माळ टेबलावर राहिली.
संध्याकाळी स्क्रीन पुसायला फडकं घेतलं, तर
सतराव्या खाटेवर बोटाचा ठसा,
रेषा न् रेषा स्पष्ट.
नियमाने तीही ओळखच.
फडकं परत खणात ठेवलं.
पुढचं पान त्या ठशामागेच उघडलं
आणि काम चालू ठेवलं.