समोरचा काठ

तळघरातल्या टेबलावर बेट उताणं पडलंय.
कापसाचा बोळा, थोडी थुंकी.
हो, थुंकीच. ओर्सोल्या म्हणते, जुन्या काजळीला
माणसाच्या लाळेसारखं औषध नाही.
म्हणून दिवसभर मी
ईस्ट रिव्हरवरचा धूर पुसत बसते.

सगळ्यात जुनं चित्र तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं.
एझ्रा टिलॉट्सननं त्यातून डुकरं गाळली.
लोकांच्या तोंडी अजून डुकरांचं बेट होतं,
पण पैसे देणारा जमिनीचा मालक.
मग तीन गाई, धुतल्यासारख्या,
आणि झाडाखाली एक मुलगी
जिला काही काम नाही.

पुढे तुरुंग आला. तो चित्रकारांना आवडला:
करडा दगड, सावली नीट पडते, जागचा हलत नाही.
जलरंगवाल्या बाईनं (सही वाचता येते, एल. व्हॅन डोरेन)
दक्षिण टोकाचं इस्पितळ किल्ल्यासारखं रंगवलं,
खिडक्याखिडक्यांतून गुलाबी संध्याकाळ.
आत कोणाच्या अंगाची लाही होत होती
ते कागदाला कळलेलं नाही.

आमच्याकडे त्या रोगाला देवी म्हणतात, मी सांगितलं.
ओर्सोल्यानं चष्मा काढला.
'म्हणजे हे देऊळ,' ती म्हणाली,
आणि चहा गार होईपर्यंत पुढे काही बोलली नाही.

पूल झाला तेव्हा बेट पुलाखालची जागा झालं.
तैलरंगात ते तीन फटकाऱ्यांत उरकलंय,
चित्रकाराला जेवायला जायचं असावं.
सगळा सफेदा बर्फावर खर्च.
नदीत ब्रशचा एक केस अडकलाय.
तो मी काढला नाही.

शेवटचं पोस्टर, हवेतल्या लाल ट्रामचं.
बेटाचं नाव पुन्हा बदललेलं, घरं भाड्यानं देणे आहे,
पिशव्या घेतलेली माणसं, चेहरे नसलेली, खूश.

चौथ्या आठवड्यात ध्यानात आलं:
सगळेच्या सगळे समोरच्या काठावर उभे आहेत.
पाणी आधी, मग बेट.
दुरून डोंगर साजरे, तसं
वेड्यांचं इस्पितळसुद्धा.

आणि काल
व्हॅन डोरेनबाईंची चौकट उघडली
तर पाठीला आधार म्हणून दुमडून घातलेला
धोबीखान्याचा कागद.
चादरी चाळीस. अभ्रे बावीस. हरवले, एक.
उलटा केला.

कपड्यांना घालायच्या निळीनं काढलेलं शहर.
काडीनं, बहुतेक नखानंही.
धुराडी, एक जिना, गच्चीवर बाई कपडे वाळत घालतेय,
दोरी मात्र इतकी लांब
की कागदाबाहेर, इकडे येते.
खिडक्या मोजून काढल्यात. मोजणाऱ्याला
घाई नव्हती.
सही नाही.
बेटही नाही कुठे,
फक्त खालच्या कोपऱ्यात
अंगठ्याचा निळा ठसा.

प्रदर्शनात हे बसत नाही, वरून निरोप आला.
विषय बेट आहे.
खरंच आहे ते.

तरी मी नोंदीचा तक्ता घेतला.
कलाकार: रिकामं.
स्थळ लिहिताना पेन थोडं अडखळलं.
सफाई, या रकान्यात
तोंड कोरडं पडलेलं असताना लिहिलं,
करू नये.